बारा महिने आणि चौदा वर्षं : नागरिकत्वाच्या रहिवास-अटीची पार्श्वभूमी

मुंबईत वीस वर्षं काढलेला, इथंच धंदा जमवलेला, लोकलमध्ये चौथ्या सीटवर हक्कानं टेकायला शिकलेला परदेशी माणूस आपोआप भारतीय होत नाही. त्याला अर्ज करावा लागतो. आणि त्या अर्जात घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर : तुम्ही इथं नेमके कधीपासून कधीपर्यंत होतात?

नैसर्गिकीकरणानं (नॅचरलायझेशननं), म्हणजे दीर्घ रहिवासाच्या जोरावर, नागरिकत्व देण्याची तरतूद नागरिकत्व कायदा, १९५५च्या कलम ६ मध्ये आहे आणि तिच्या अटी तिसऱ्या अनुसूचीत. रहिवासाची अट दोन भागांत आहे. अर्जाच्या लगतचे बारा महिने सलग भारतात राहिलेलं असावं, आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या चौदा वर्षांत मिळून किमान अकरा वर्षं. सरकारी नोकरीचा काळही यात धरतात. उदाहरण घेऊ. अर्ज १ जुलै २०२५ चा असेल, तर १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५ हे वर्ष अखंड हवं. त्याच्या मागे १ जुलै २०१० ते ३० जून २०२४ ही चौदा वर्षं मोजायची. यातली तीन वर्षं बाहेर गेली तरी कायद्याची हरकत नाही. मात्र शेवटच्या वर्षात मावसभावाच्या लग्नाला चार दिवस दुबईला गेलात, तर ‘सलग’ या अटीला तडा गेला. तीन वर्षं माफ आणि चार दिवसांना अडवणूक, हा प्रकार पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. पण तो कोणा बाबूच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याची वंशावळ बरीच लांब आहे आणि तिचा एक धागा थेट मुंबईच्या फोर्टात येतो.

कंपनी सरकारच्या अमदानीत, १८५२ साली परदेशी लोकांना प्रजाजन करून घेण्याचा कायदा झाला. अर्जदारानं आपलं वय, जन्मस्थान, व्यवसाय, कंपनीच्या मुलखात किती काळ राहतो आहे आणि इथं कायमचं वसण्याचा इरादा आहे की नाही, हे सगळं लिहून द्यायचं. सरकारला पटलं की प्रमाणपत्र मिळायचं. राहण्याचा काळ सांगावा लागे, पण अमुक इतकी वर्षं झालीच पाहिजेत असा आकडा त्या कायद्यात नव्हता. पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, मुंबईत ब्रिटिश प्रजाजन झालेल्यांत डेव्हिड ससून होते. बगदादहून निघालेले हे यहुदी व्यापारी १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले, म्हणजे तोवर त्यांची इथं वीसेक वर्षं झाली होती. इंग्रजी येत नसल्यानं त्यांनी सही हिब्रूत केली, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. काळा घोड्याचं ग्रंथालय आणि कुलाब्याचा मासळीचा धक्का ज्या घराण्याच्या नावानं ओळखला जातो, त्याचा मूळ पुरुष आजच्या भाषेत सांगायचं तर ‘नॅचरलाइज्ड’ होता. आजच्या नियमांतली भाषेची अट त्याला लावली असती तर फाइल तिथंच अडकली असती, हा भाग वेगळा.

वर्षांचा आकडा आला तो बाहेरून. अमेरिकेनं १७९० मध्ये दोन वर्षांपासून सुरुवात केली, १७९५ मध्ये पाच केली, १७९८ मध्ये परदेशी माणसांच्या धास्तीपोटी एकदम चौदा, आणि १८०२ मध्ये पुन्हा पाचावर आली. ब्रिटननं १८७० च्या कायद्यात पाच वर्षंच धरली. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानं त्या पाचाची फोड केली : शेवटचं एक वर्ष खुद्द ब्रिटनमध्ये, आणि उरलेली चार गेल्या आठ वर्षांत साम्राज्यात कुठंही. साम्राज्यभर फिरणारे व्यापारी, खलाशी, नोकरदार डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही सोय होती. माणूस सिंगापूरला दोन वर्षं राहिला म्हणून त्याची नाळ तुटली असं समजायचं नाही, पण अर्ज करताना तो दारात उभा हवा. हिंदुस्थानात १८५२ चा कायदा १९२६ पर्यंत चालला आणि त्या वर्षी नवा भारतीय कायदा आला. पण आपल्या आजच्या नियमाचा खरा साचा पडला तो लंडनमध्ये १९४८ साली. त्या वर्षीच्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यात अट अशी होती : लगतचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या सात वर्षांत मिळून चार वर्षं.

आपल्या संसदेनं १९५५ मध्ये हाच साचा उचलला. बारा महिने, सात वर्षं, चार वर्षं. आकडे तेच, वाक्यरचनाही जवळपास तीच. साहेब गेला तरी त्याची फूटपट्टी कचेरीतच राहिली होती. एकूण हिशेब पाच वर्षांचा.

त्याआधी मात्र या देशानं स्वतःच्या गरजेपोटी एक वेगळा हिशेब करून पाहिला होता, आणि मुंबईच्या दृष्टीनं तो जास्त महत्त्वाचा आहे.

संविधान लागू व्हायचं होतं २६ जानेवारी १९५० ला, पण नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमं २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आली. निवडणुकीसाठी मतदार कोण, हे ठरवायला नागरिक कोण हे आधी ठरवणं भाग होतं. कलम ५ नं भारतात अधिवास, म्हणजे कायमचं वास्तव्य, असलेल्या तीन प्रकारच्या लोकांना नागरिक मानलं : इथं जन्मलेले, आई किंवा बाप इथं जन्मलेला असलेले, आणि संविधानाच्या आरंभापूर्वी लगत किमान पाच वर्षं इथं सामान्यतः राहिलेले. हे कलम १० ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत मांडताना डॉ. आंबेडकर म्हणाले की, एक अपवाद सोडला तर दुसऱ्या कोणत्याही कलमानं मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नसेल.

त्यांना सर्वांत जोराचा विरोध झाला तो आपल्याच माणसाकडून. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख उभे राहिले आणि म्हणाले की, या व्याख्येनं भारताचं नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. प्रवासात मुंबईला काही तास थांबलेल्या परदेशी जोडप्याला इथं मूल झालं, तर ते मूल भारतीय नागरिक ठरायचं का, असा त्यांचा सवाल होता. पाच वर्षांच्या रहिवासाचं कलमही त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्तीत भारतीय आईबापांची इथं राहणारी मुलं होती, नैसर्गिकीकरणाच्या कायद्यानं आलेले होते, आणि शिवाय दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख होता, मग तो कुठंही राहत असो. ती दुरुस्ती पडली. पण राहण्याला किती वजन द्यायचं आणि माणूस कोण आहे याला किती, हा वाद तेव्हापासून भिजत पडलेलं घोंगडं आहे. २०१९ साली नागरिकत्व कायद्याच्या दुरुस्तीवर संसदेत झालेल्या भाषणांत देशमुखांचे सूर ऐकू आले, तर त्यात नवल नव्हतं.

त्याच दिवसांत मुंबईच्या धक्क्यावर कराचीहून सिंधी कुटुंबं उतरत होती. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकी, पुढे ज्याचं उल्हासनगर झालं, तिथं त्यांची छावणी पडली. काही सायन-कोळीवाड्याला, काही चेंबूरला गेली. संविधानाच्या कलम ६ नं त्यांच्यासाठी एक तारीख मधोमध रोवली : १९ जुलै १९४८. त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला होता. त्याआधी आलेला आणि तेव्हापासून इथंच राहिलेला माणूस नोंदणीशिवाय नागरिक. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्यानं अधिकाऱ्याकडे नोंदणीचा अर्ज करायचा, आणि अर्जाआधी किमान सहा महिने भारतात राहिलेलं असायचं. ही नोंदणी संविधानाच्या आरंभापूर्वी व्हायला हवी होती. त्यामुळे २६ जानेवारी १९५० पासून सहा महिने मागे मोजले की, जुलै १९४९ च्या अखेरीनंतर बोटीतून उतरलेल्याला हे दार बंद झालेलं होतं. एकाच घरातला थोरला भाऊ जून १९४८ मध्ये आला म्हणून काही न करता नागरिक, आणि मागं घर सांभाळत राहिलेला धाकटा सप्टेंबर १९४९ मध्ये आला म्हणून संविधानाच्या या कलमाबाहेर, असं कायद्यानं होऊ शकत होतं. अशांना पुढे १९५५ चा कायदा उपयोगी पडला, कारण भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणीनं नागरिकत्व मिळवायला तेव्हा सहा महिन्यांचाच रहिवास पुरत होता. नोंदणी आणि नैसर्गिकीकरण हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि बहुतेक गोंधळ इथं होतो. पहिला रस्ता मूळचे इथले किंवा इथल्यांशी लग्न केलेले यांच्यासाठी. दुसरा कसलंच नातं नसलेल्यांसाठी, आणि म्हणून तो नेहमीच लांबचा.

धोबी तलावच्या गोवेकरांना तर यातलं काहीच करावं लागलं नाही. तिथल्या कुडांत, म्हणजे गावोगावच्या क्लबांच्या खोल्यांत, बोटीची वाट पाहत राहणारे खलाशी आणि खानसामे कागदोपत्री पोर्तुगालचे होते. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या आदेशानं, जे स्वतः किंवा ज्यांचे आईबाप, आजी-आजोबा २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीवमध्ये जन्मले होते ते त्या तारखेपासून भारतीय नागरिक मानले गेले; ज्याला जुनं नागरिकत्व ठेवायचं होतं त्यानं मुदतीत तसं लिहून द्यायचं. इथं मुलूखच देशात आला होता, त्यामुळे माणसांचे दिवस मोजण्याचा प्रश्न उरला नाही.

इराण्यांची गोष्ट उलटी. डोंगरीतली मुघल मशीद १८६० ची, शिराझच्या व्यापाऱ्यानं बांधलेली, आणि तेव्हापासून इराणातून येणाऱ्यांचा ओघ मुंबईला सुरूच होता. अनेकांनी हॉटेलं, बेकऱ्या काढल्या, पण खिशात पासपोर्ट इराणचाच. अशाच एका रहिवाशाचा मुंबईतला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६६ मध्ये निकाल लागला. म्हणणं सरळ होतं : संविधान आलं तेव्हा माझी इथं पाच वर्षं कधीच होऊन गेली होती, तेव्हा कलम ५ प्रमाणे मी नागरिक. न्यायालयानं ते मानलं नाही. पाच वर्षांचा मुक्काम हा अर्धा भाग झाला. त्याच्या जोडीला अधिवास हवा, म्हणजे हा देश कायमचा आपला करण्याचा इरादा हवा. जो माणूस परदेशी म्हणून नोंद करून घेतो, राहण्याच्या परवान्याची मुदत वेळोवेळी वाढवून मागतो, त्याचा असा इरादा कुठून दिसणार?

या निकालाची पुढची आवृत्ती १९९१ मधली. लुई डी रेड्ट हे बेल्जियमचे मिशनरी १९३७ पासून भारतात होते. अर्धशतक उलटल्यावर त्यांना देश सोडायला सांगण्यात आलं आणि ते न्यायालयात गेले. त्यांच्याही बाबतीत निष्कर्ष तोच : नुसतं राहणं म्हणजे अधिवास नव्हे, आणि दरवर्षी परदेशी पासपोर्टवर परवाना घेत राहिलेल्या माणसानं कायमचं राहण्याचं ठरवलं होतं हे सिद्ध होत नाही. पन्नासहून अधिक वर्षं आणि तरी उपयोग शून्य! मला हा निकाल कायद्याच्या चौकटीत बरोबर वाटतो आणि तरी वाचताना दर वेळी टोचतो, कारण परवाना घेणं हे त्या माणसानं कायदा पाळल्याचंच लक्षण होतं.

अधिवासाच्या या गोंधळात आपल्याकडच्या ‘डोमिसाईल’च्या दाखल्यानं आणखी भर घातली आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी ज्याच्यासाठी पालक सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहतात, तो महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. त्याचा नागरिकत्वाच्या रहिवासाशी काडीचा संबंध नाही. भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा म्हणून वेगळा अधिवास नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सांगून झालं आहे. तरी परदेशी पती किंवा पत्नीच्या फाइलला तो दाखला जोडणारे लोक भेटतातच.

आता पाचाचे दहा आणि दहाचे बारा कसे झाले, त्याकडे येऊ. मुंबईत किंवा दिल्लीत अर्ज घेऊन बसलेल्या माणसांनी काही गैरफायदा घेतला म्हणून अट कडक झाली, असं दिसत नाही. दोन्ही वेळा कारण होतं सीमेवर. ऑगस्ट १९८५ मध्ये आसाम करार झाला. १ जानेवारी १९६६ ते २४ मार्च १९७१ या काळात आसामात आलेल्यांसाठी कायद्यात कलम ६-अ घातलं गेलं; परदेशी म्हणून शोध लागल्यापासून दहा वर्षं त्यांना मताचा हक्क नाही. पाठोपाठ १९८६ ची दुरुस्ती आली. बांगलादेश, श्रीलंका आणि काही आफ्रिकी देशांतून येणाऱ्या लोकांचा दाखला तेव्हा देण्यात आला. नैसर्गिकीकरणासाठी सातातल्या चार वर्षांच्या जागी बारातली नऊ वर्षं आली, म्हणजे लगतचं वर्ष धरून पाचाची दहा झाली. नोंदणीचा सहा महिन्यांचा सोपा रस्ताही पाच वर्षांचा झाला. याच दुरुस्तीनं लग्नाच्या रस्त्यावर पुरुषालाही जागा दिली : आधी फक्त भारतीयाच्या बायकोला नोंदणी करता येत होती, आता भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्यालाही येऊ लागली, पण दोघांनाही पाच वर्षांची अट घालून.

दुसरा टप्पा २००३ च्या दुरुस्तीचा, जी ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली. चौदातली अकरा वर्षं आली ती तेव्हा. नोंदणीची पाच वर्षं सात झाली. पण आकड्यापेक्षा मोठा बदल शब्दांत होता. ‘बेकायदा स्थलांतरित’ ही व्याख्या कायद्यात शिरली आणि असा माणूस नोंदणीला किंवा नैसर्गिकीकरणाला पात्रच नाही, असं ठरलं. तोवर प्रश्न होता, किती दिवस राहिलात? आता त्याच्या आधी दुसरा प्रश्न आला : कोणत्या कागदावर राहिलात? व्हिसा संपल्यावरही राहिलेला माणूस चाळीस वर्षं इथं असला तरी त्याच्या वर्षांना या हिशेबात किंमत नाही. त्याच दुरुस्तीनं परदेशी भारतीयांसाठी ओसीआयची (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) सोय केली, ज्याचं मुंबई-पुण्याच्या अमेरिकेतल्या मुलांना फार कौतुक झालं. एका दारानं आत घ्यायचं आणि दुसरं दार आणखी जड करायचं, ही दोन्ही कामं एकाच कायद्यानं केली.

मुदत संपलेल्या कागदाचा प्रश्न किती नाजूक असतो, याचं मुंबईतलं सर्वांत गाजलेलं उदाहरण गायक अदनान सामी यांचं. मार्च २००१ मध्ये ते पाकिस्तानी पासपोर्टवर पाहुण्याचा व्हिसा घेऊन आले आणि व्हिसा वाढवत इथंच राहिले. २०१५ मध्ये पासपोर्ट संपला आणि पाकिस्ताननं नूतनीकरण केलं नाही. पासपोर्ट नाही म्हणजे व्हिसा कशावर मारणार? माणुसकीच्या आधारावर राहू द्या अशी त्यांची विनंती मान्य झाली, आणि १ जानेवारी २०१६ पासून ते भारतीय नागरिक झाले.

सर्वसाधारण अर्जदाराच्या फाइलमध्ये काय असतं ते पाहिलं की, हा सगळा इतिहास कागदावर उतरलेला दिसतो. प्रत्येक प्रवासाची येण्याची-जाण्याची तारीख, पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी जुळणारी. राहण्याचा परवाना, जो वर्षानुवर्षं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातून वाढवून घेतलेला. चारित्र्याबद्दल दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रं. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी येते, याचे दाखले. मराठी चालते, आणि मुंबईत राहून ती घेणारे कमी, ही आपली नेहमीची रड. शिवाय वर्तमानपत्रातली जाहीर सूचना : मी, अमुक पत्त्यावर राहणारा, नागरिकत्वासाठी अर्ज करत आहे, कोणाला कारणासह हरकत असेल तर गृह मंत्रालयाला सहीनिशी कळवावं. फ्लॅट विक्रीच्या आणि नाव बदलल्याच्या सूचनांमध्ये दबलेल्या या चार ओळी वाचून कोणी कधी हरकत घेत असेल का, ही शंका मला फार दिवस आहे. अर्ज आता ऑनलाइन भरतात, पण पुढचा प्रवास तोच : जिल्हाधिकारी, मग राज्य, मग दिल्ली, मधे पोलीस आणि गुप्तवार्ता खात्याचा अहवाल. शहरातल्या अर्जदाराचा जिल्हाधिकारी फोर्टच्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये, उपनगरातल्याचा वांद्रे पूर्वेला. म्हणजे माहीमचा माणूस एकीकडे आणि खाडीपलीकडच्या वांद्र्याचा दुसरीकडे.

शेवटच्या बारा महिन्यांच्या अखंडतेनं अनेकांचं नुकसान होत होतं. आई आजारी पडली, धंद्याच्या कामाला जावं लागलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. २०१५ च्या दुरुस्तीनं यात थोडी फट ठेवली. विशेष परिस्थिती आहे अशी केंद्र सरकारची खात्री पटली, तर कारणं लेखी नोंदवून या बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंत सूट देता येते, तुकड्यातुकड्यानं धरूनही. हा हक्क नाही, सरकारची मर्जी आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. साठ वर्षांत या अटीला ढिली करणारी सर्वांसाठीची ही एवढीच दुरुस्ती. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत विशेष सेवा केलेल्यांना अटी माफ करता येतात, पण ती तरतूद पहिल्यापासून आहे आणि थोरामोठ्यांसाठी आहे.

२०१६ च्या डिसेंबरात केंद्रानं सात राज्यांतल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या सहा अल्पसंख्य समाजांच्या लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यात महाराष्ट्रातले चार होते : मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या पाकिस्तानी हिंदूंचा मोठा भाग सिंधी, त्यामुळे ठाण्याचं नाव यादीत का आलं हे उल्हासनगरकडे पाहिलं की कळतं. सत्तर वर्षांपूर्वी ज्या बराकींत काका-आजोबा उतरले, तिथंच पुढची पिढी वर्षं मोजत होती.

मग आला २०१९ चा कायदा. त्याच तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना बेकायदा स्थलांतरित मानायचं नाही, आणि त्यांच्यासाठी अकरा वर्षांच्या जागी पाच वर्षं. धर्माचा मुद्दा इतका तापला की, आकड्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. नियम यायला ११ मार्च २०२४ उजाडला. तोवर ३१ डिसेंबर २०१४ ला शेवटचा आलेला माणूसही नऊ वर्षं पार करून गेला होता. म्हणजे पाच वर्षांच्या सवलतीचा अर्धा रस कायदा आणि नियम यांच्यामधल्या काळातच आटला. खरा फायदा झाला तो बेकायदेशीरपणाचा शिक्का पुसला जाण्याचा. हे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे न जाता टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या एका आदेशात ३१ डिसेंबर २०२४ अशी तारीख आली, तेव्हा नागरिकत्वाची मुदत दहा वर्षांनी पुढं गेल्याच्या बातम्या व्हॉट्सॲपवर फिरल्या. ते तसं नव्हतं. तो आदेश कागदांशिवाय राहिल्याबद्दल होणाऱ्या शिक्षेतून सूट देणारा आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच आहे.

दुसऱ्या टोकाला, ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बांगलादेशी असल्याचा आरोप असलेल्या ठाण्यातल्या एका माणसाचा जामीन नाकारताना स्पष्ट केलं की, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्यानं कोणी नागरिक ठरत नाही. हे कागद ओळखीचे किंवा सेवा मिळवण्याचे आहेत. १९६६ च्या इराण्यानं परवाना घेतला म्हणून तो परका ठरला, आणि आता आधार घेतलं म्हणून कोणी आपला ठरत नाही. दोन्हींत विसंगती नाही, कारण राहिल्याचा पुरावा आणि नागरिकत्वाचा पुरावा हे कायद्यानं कधीच एक मानलेले नाहीत.

मराठी घरांत मात्र ही मोजणी बहुतेक वेळा उलट्या दिशेनं ऐकू येते. पार्ल्यात किंवा डोंबिवलीत आई विचारते, गणपतीला येतोयस ना, आणि तिकडून उत्तर येतं, यंदा दिवस कमी पडतील. ब्रिटनमध्ये अर्जाआधीच्या पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं साधारणपणे चालत नाही. अमेरिकेत पाच वर्षांत ३० महिने प्रत्यक्ष देशात असावं लागतं, आणि सलग सहा महिन्यांहून लांबलेली एखादी सुटी अखंड वास्तव्यावरच प्रश्न उभा करते. कॅनडाला पाच वर्षांत १,०९५ दिवस हवेत; ती अट २०१५ मध्ये सहा वर्षांत चार इतकी वाढवली आणि सरकार बदलल्यावर २०१७ मध्ये पुन्हा कमी केली. तिकडचे दिवस असे सुटे सुटे मोजता येतात, म्हणून मुलं गणित मांडून तिकीट काढतात. आपल्या शेवटच्या बारा महिन्यांत ती सोय नाही.

आणि ज्या देशाकडून आपण पाच वर्षांचा साचा घेतला, त्यानंही आता आकडा हलवायला घेतला आहे. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनं श्वेतपत्रिका काढून, तिथं कायम राहण्याची परवानगी मिळण्यासाठीची नेहमीची मुदत पाचावरून दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. नागरिकत्वाचा अर्ज साधारणपणे ती परवानगी मिळून वर्ष झाल्यावर करता येतो. कुशल कामगारांच्या व्हिसावर गेलेल्या, तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या मुंबईकर आयटीवाल्यांचा आणि परिचारिकांचा तेव्हा एकच प्रश्न होता : नवा नियम आधीच तिथं असलेल्यांनाही लागणार का? भारतात १९८६ मध्ये पाचाचे दहा झाले, तेव्हा अर्ध्या वाटेवर असलेल्यांनीही हेच विचारलं असणार.